वाहतूक बेट

मिनिकॉयला तीन वर्षं काढली मी,
वेधशाळेच्या नोकरीत.
पहाटे साडेपाचला एक नोंद, साडेआठला दुसरी,
मधल्या वेळात बेट बघायचं.
बेट म्हणजे, इकडं शिंकलं
तर पलीकडच्या किनाऱ्यावर कुणीतरी वळून बघेल, एवढं.
तिथले खेकडे दुसऱ्याचे शंख घालून हिंडायचे,
घर तोकडं पडलं की रांग लावून बदलायचे.
पागडी कुणी मागत नसे.

पुण्याला बदली झाली तेव्हा बायको म्हणाली,
आता समुद्र पुरे.
मी पुरे केला.

आता कर्वेनगर, दुसरा मजला,
गॅलरीखाली चौक,
चौकात महापालिकेचं वाहतूक बेट.
अकरा पावलं लांब, सहा रुंद.
(एका रविवारी उजाडायच्या आत जाऊन मोजलंय.
माननीयांच्या नावाची पाटी धरून सहा,
पाटी सोडली तर साडेपाच.)
तीन पाम, एक कारंजं, बंद,
बाकी सगळी खडी.
भोवती चहूबाजूंनी भरती.
ओहोटी रात्री दीड ते पहाटे पाच.

चैत्रात तिथं टिटवी बसली.
घरटं असं नाहीच.
खडीतले चार खडे जरा जास्त गोल.
मी माळ्यावरून दुर्बीण काढली,
तिच्या कडेला अजून खाऱ्या वाऱ्याचा गंज.

द्रौपदा कसबे, उद्यान खात्याची,
नळी ओढत आली नेहमीसारखी,
तशी टिटवी तिच्या डोक्यावरून किंचाळत गेली.
एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा द्रौपदानं नळी टाकली
आणि उकिडवी बसून खडी वाचत राहिली.
दुसऱ्या दिवशी पिशवीतून चार विटा आणल्या.
मुकादमाला म्हणाली, "तिकडं पानी मारायचं न्हाई.
बाळंतीण हाय."
तो म्हणाला, टिटवी चौकात, अपशकुन असतो.
"मंग रजा टाका तुमी."

एप्रिल. सावलीत एकेचाळीस,
खडीवर किती, ते सरकार मोजत नाही.
भर दुपारी टिटवी उठायची,
गळक्या नळीच्या तोंडाशी पोट भिजवायची,
आणि धावत नाही, उडत नाही,
आपल्याच घरात चालावं तशी चालत येऊन
अंड्यांवर बसायची.
मोजपात्राच्या पहिल्या रेघेखाली जे राहतं
त्याला आम्ही पाऊस म्हणत नव्हतो.
'लेशमात्र' लिहायचो आणि पान उलटायचो.
त्या लेशमात्रावर चार अंडी
सबंध वैशाखाशी बोलणी करत होती.

शाळेत म्हण होती, टिटवी देखील समुद्र आटवते.
अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा, दोन गुण.
मला एकच मिळाला होता.

मग एका पहाटे, चार चाळीसला,
सिग्नल नुसताच पिवळा मिचकत असताना
ती कठड्यावरून उतरली
आणि मागोमाग तीन,
काड्यांवर उभा केलेला कापूस.
मी कठडा धरला, माझा.
वारज्याकडून दुधाचा टेम्पो येत होता.
थांबला.
ड्रायव्हरनं दिवे मालवले, हॉर्न नाही, काही नाही,
क्रेटमधल्या पिशव्या तेवढ्या एकमेकींवर घसरल्या.
डांबर अंधारात ओलं दिसत होतं,
पलीकडे मोकळा प्लॉट, गवत.
तिसरं पिल्लू झेब्रा पट्ट्यावर बसलंच.
टिटवीनं हाक मारली.
तेवढ्यात उठलं.

वहीत लिहिलं: वारा शांत. ढग दोन अष्टमांश.
शेरा या रकान्यात काय लिहावं सुचेना.

सातला द्रौपदा आली.
विटांच्या आत चौथं तसंच होतं.
तिनं ते उचललं, पदरानं पुसलं
आणि कानाला लावलं,
आम्ही तिकडे शंख लावायचो तसं.
मागे सिग्नल सुटला, बस, रिक्षा, शाळेच्या व्हॅन,
ती उभी.

काय ऐकू येतंय, मी वरून विचारलं नाही.
तिनं ते परत खडीत ठेवलं
आणि नळी पामकडे वळवली.